हॉट रॉड : एका कारागिरीचे व्याकरण आणि तिच्या तीन नोंदी

१. विषयप्रवेश

कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू ही पूर्ण झालेली वस्तू होय, असे यंत्रयुगाने गृहीत धरले आहे. ती विकत घ्यावी, वापरावी, नादुरुस्त झाल्यास दुरुस्त करून घ्यावी आणि जीर्ण झाल्यावर मोडीत काढावी, एवढाच अधिकार ग्राहकाकडे उरतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागातील काही तरुणांनी १९३० नंतरच्या दोन दशकांत हे गृहीत अमान्य केले. जुन्या फोर्ड मोटारी अल्प किमतीस विकत घ्यावयाच्या, वेगास अडथळा करणारे सर्व भाग काढून टाकावयाचे, इंजिनाचे बळ वाढवावयाचे आणि वाहनाची उंची घटवावयाची, असा त्यांचा उद्योग होता. ह्या उद्योगातून जे वाहन सिद्ध झाले त्यास ‘हॉट रॉड’ हे नाव मिळाले. पुढे त्याच्याभोवती एक स्वतंत्र परिभाषा, व्यंगचित्रांची एक शैली आणि छोट्या प्रतिकृतींचा एक मोठा व्यापार उभा राहिला.

हा विषय भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रमाणभाषा आणि बोली ह्यांच्या संबंधांचा ज्यांनी विचार केला आहे, त्यांना ह्या इतिहासात ओळखीच्या खुणा आढळतील. ‘अपभ्रंश’ हा शब्द मुळात निंदाव्यंजक आहे. शुद्ध रूपापासून ढळलेले ते अपभ्रष्ट, असा त्याचा अर्थ. तथापि बाराव्या शतकात हेमचंद्राने संस्कृत व प्राकृत ह्यांच्या जोडीने त्याच अपभ्रंशाचे व्याकरण लिहिले, तेव्हा त्या ढळण्यालाही नियम असतात हे मान्य झाले. हॉट रॉडचा प्रवास ह्याच जातीचा आहे. प्रथम बिघडवलेली मोटार, नंतर स्वतःचे नियम असलेली मोटार आणि अखेरीस कारखान्यानेच जिचे साचे काढावेत अशी मोटार, असे तिचे तीन टप्पे पडतात.

ह्या कारागिरीच्या तीन ठळक नोंदी मागे राहिल्या आहेत : व्यंगचित्रे, जोडावयाचे प्लॅस्टिकचे संच आणि धातूच्या ओतीव छोट्या मोटारी. तिन्हींचा विषय एकच असला तरी प्रत्येकीत मूळ व्यवहाराचा निराळा घटक टिकला आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, चित्रात कर्ता टिकला, संचात क्रिया टिकली आणि ओतीव प्रतिकृतीत केवळ कर्म टिकले. हा भेद स्पष्ट करणे हे ह्या विवेचनाचे प्रयोजन होय.

२. पार्श्वभूमी

हेन्री फोर्ड ह्यांच्या कारखान्याने १९०८ ते १९२७ ह्या काळात ‘मॉडेल टी’ ह्या एकाच जातीच्या दीड कोटी मोटारी तयार केल्या. १९३२ मध्ये त्याच कारखान्याने आठ सिलिंडरांचे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसविले. तोपर्यंत आठ सिलिंडरांचे इंजिन ही बहुतांशी श्रीमंतांच्या मोटारींची मिरासदारी होती. इंजिनाचा ठोकळा एकसंध ओतण्याची युक्ती साधल्यामुळे फोर्डला ते स्वस्तात देता आले. २२१ घनइंच आकारमानाच्या ह्या इंजिनाची शक्ती आरंभी ६५ अश्वशक्ती एवढीच होती. पण थोड्या खटपटीने ती वाढविता येत असे. हलक्या जुन्या मोटारीत हे नवे इंजिन बसविणे, हे हॉट रॉडचे पहिले सूत्र म्हणता येईल.

ह्या प्रयोगांना जागाही अनुकूल मिळाली. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस व ईशान्येस मोहावी वाळवंट आहे. तेथील म्युरॉक, एल मिराज इत्यादी सरोवरे बहुतेक काळ कोरडी असतात आणि त्यांचा तळ टणक व सपाट असतो. तरुण मंडळी तेथे जमत आणि आपापल्या मोटारींचा वेग मोजून घेत. १९३७ मध्ये ह्या वेगमापनाला शिस्त लावण्यासाठी ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. पुढे म्युरॉकचे मैदान लष्कराच्या विमानतळाकडे गेले. तोच आजचा एडवर्ड्‌स विमानतळ होय. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रविद्या शिकून परतलेले सैनिक, त्या भागातील विमानांच्या कारखान्यांत तयार झालेले कारागीर आणि भंगारात पडलेल्या असंख्य फोर्ड मोटारी ह्यांचा संयोग झाला. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन ह्यांनी ‘हॉट रॉड’ ह्या नावाचे मासिक सुरू केले. १९४९ मध्ये युटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठागराच्या सपाटीवर वार्षिक वेगसप्ताहास आरंभ झाला. १९५१ मध्ये वॉली पार्क्‌स ह्यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन झाली.

‘हॉट रॉड’ ह्या शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही. ‘हॉट रोडस्टर’ ह्या जोडशब्दाचा तो संक्षेप होय, असे काही मानतात. ‘रोडस्टर’ म्हणजे पक्के टप नसलेली दोन आसनांची मोटार. इंजिनातील दांडा ह्या अर्थी ‘रॉड’ हा शब्द आला असावा, असे दुसऱ्यांचे मत आहे. त्याआधी अशा वाहनास ‘गाउ जॉब’ म्हणत. तो शब्द मागे पडला. व्युत्पत्तीपेक्षा अर्थपरिवर्तन अधिक उद्बोधक आहे. युद्धोत्तर वर्षांत सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यती आणि अपघात ह्यांमुळे हा शब्द वृत्तपत्रांत बेदरकार तरुणांसाठी निंदेने वापरला जाई. मासिकाने तोच शब्द मुखपृष्ठावर छापला व संघटनेने तोच आपल्या नावात घेतला. शर्यती रस्त्यांवरून नियंत्रित मैदानांवर आणावयाच्या, सुरक्षिततेचे नियम करावयाचे आणि त्यायोगे निंदेचा शब्द बिरुद म्हणून मिरवावयाचा, हे त्यामागचे धोरण होते.

३. क्रियापदांची कारागिरी

ह्या मंडळींच्या परिभाषेत नामे पुष्कळ आहेत. १९३२ च्या फोर्डला ‘ड्यूस’ म्हणतात. पत्त्यांतील दुर्रीचे हे नाव सालाच्या शेवटच्या अंकावरून पडले. टपाविना, बादलीएवढ्या आटोपशीर सांगाड्याच्या मॉडेल टी गाडीस ‘टी-बकेट’ म्हणतात. परंतु ह्या बोलीचा कणा तिच्या क्रियापदांत आहे, आणि त्यांतील बहुतेकांचे कर्म मोटारीचा एखादा ठराविक भाग हेच असते.

‘चॉप’ म्हणजे टप उतरविणे. टपाला आधार देणारे खांब आडवे कापून त्यांतील काही इंचांचे तुकडे काढावयाचे आणि टप खाली आणून पुन्हा सांधावयाचे, असा हा विधी आहे. वर्णन सोपे असले तरी काम तसे नाही. खांब उभे असतील तर वरचा व खालचा छेद एकमेकांवर बरोबर बसतात. खांब आत झुकलेले असतील तर मधला तुकडा काढल्यावर टप खालच्या छेदांस पुरत नाही. मग टपाचेच तुकडे करून ते लांबरुंद करावे लागते, किंवा खांबांचा कल वाढवावा लागतो. काचा नव्याने कापाव्या लागतात, दारांच्या चौकटीही बदलाव्या लागतात. १९३२ ची फोर्ड ह्या कामास अनुकूल ठरते, कारण तिचे खांब बरेचसे उभे आहेत. १९४९ ते १९५१ ची गोलाईदार मर्क्युरी मात्र कारागिराची परीक्षा पाहते.

‘चॅनेल’ ह्या क्रियेत टपास हात लावीत नाहीत. मोटारीच्या देहाचा तळ कापून तो देह चासीच्या लोखंडी कण्यावर खाली बसविला जातो. ‘सेक्शन’ ह्या क्रियेत देहाच्या कमरेभोवतीची पत्र्याची एक आडवी पट्टी काढून टाकून वरचा व खालचा भाग जोडतात, म्हणजे मोटार सडपातळ होते. तिन्ही क्रियांचे फल एकच, की मोटार ठेंगणी होते. परंतु एकीत टप, दुसरीत देह व चासी ह्यांचा संबंध आणि तिसरीत देहाची जाडी बदलते. बाहेरच्या माणसास जे शब्द समानार्थी वाटतील ते ह्या बोलीत काटेकोरपणे भिन्नार्थी आहेत.

ह्याखेरीज दारांच्या मुठी व शोभेची चिन्हे काढून पृष्ठभाग गुळगुळीत करणे म्हणजे ‘शेव्ह’. बॉनेटवरील चिन्हे काढणे म्हणजे ‘नोज’. डिकीवरील काढणे म्हणजे ‘डेक’. दिवे मडगार्डाच्या पत्र्यात आत बसवून सांधा बेमालूम करणे म्हणजे ‘फ्रेंच’. नाक, फळ्यांचा मजला, पन्हळ, राष्ट्रवाचक विशेषण असे कोणतेही पद प्रत्ययाविना क्रियापद बनू शकते, ही इंग्रजीची सोय ह्या बोलीने पुरेपूर वापरली आहे. मराठीत अशा ठिकाणी ‘करणे’ ह्या धातूचा आधार घ्यावा लागतो.

सांधे बुजविण्यासाठी शिसे व कथील ह्यांचा मिश्रधातू तापवून, लाकडी पट्टीने पसरवून, थंड झाल्यावर कानशीने घासत असत. आपल्याकडील झाळकामाशी ह्याचे साम्य आहे. ह्यावरून जड, ठेंगण्या, शिसे भरलेल्या मोटारींना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, हे नाव पडले. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. हॉट रॉडचा हेतू वेग होता. ‘कस्टम’ मोटारीचा हेतू रूप होता. जॉर्ज व सॅम बॅरिस ह्या बंधूंनी १९५१ ची एक मर्क्युरी मालकाच्या इच्छेनुसार घडविली. बॉब हिरोहाटा ह्या मालकाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ह्या मोटारीचे टप पुढच्या बाजूस सुमारे ४ इंच व मागच्या बाजूस सुमारे ७ इंच उतरविलेले आहे. दोन्हीकडे सारखेच कापले असते तर मोटार नुसती बुटकी झाली असती; असमान कापल्यामुळे टपाची रेषा मागे वाहत गेल्यासारखी दिसते. नियम जाणून तो कोठे मोडावा हे ठरविणे, हीच येथे शैली होय.

४. रंग, रेषा आणि एक अक्षर

रूपाचा हा विचार पत्र्याबरोबरच रंगातही उतरला. केनेथ हॉवर्ड, ऊर्फ ‘व्हॉन डच’, (१९२९–१९९२) हे मोटारींच्या पृष्ठभागावर लांब केसांच्या कुंचल्याने बारीक रेघा ओढीत. झाकलेला सांधा वा घासल्याचे व्रण लपविण्याचे कामही ह्या रेघांकडून होत असे. पुढे त्या स्वतंत्र अलंकरण बनल्या. रंगांत ‘कँडी’ नावाची पद्धत आली. सोनेरी वा रुपेरी थरावर रंगीत पण पारदर्शक लाखेचे थर देतात. प्रकाश आत जाऊन खालच्या थरावरून परततो, त्यामुळे रंग आतून उजळल्यासारखा भासतो.

ह्याच सुमारास लेखनातही एक खूण रूढ झाली. बॅरिस ह्यांच्या कार्यशाळेच्या पाटीवर ‘कस्टम’ हा शब्द रोमन ‘सी’ ऐवजी ‘के’ ह्या अक्षराने लिहिला जाई. ‘कँडी’ व ‘कलर्ड’ हे शब्दही तसेच लिहिले जाऊ लागले. उच्चारात काहीच फरक पडत नाही. देवनागरीत लिहिताना तर हा भेद नाहीसाच होतो, कारण येथे दोहोंना एकच ‘क’ आहे. म्हणजे ही खूण कानासाठी नसून डोळ्यांसाठी आहे. शब्द तोच, ध्वनी तोच, केवळ बाह्य रूपातील एक भाग बदललेला. मोटारीवर जी क्रिया केली तीच शब्दावर केली, असे म्हणावयास हरकत नाही.

नोव्हेंबर १९६३ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात टॉम वुल्फ ह्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या लांबलचक शीर्षकात हे ‘के’ अक्षर तर होतेच, शिवाय इंजिनाची घरघर दर्शविणारे अनुकरणवाचक ध्वनी कंसांत घातलेले होते. बॅरिस व रॉथ ह्यांच्यासारख्या कारागिरांकडे कलावंत म्हणून पाहिले पाहिजे, हा त्या लेखाचा आशय. त्यातील रॉथ हे ह्यापुढील विवेचनाचे प्रमुख पात्र होत.

५. चित्र : कर्त्याची नोंद

‘हॉट रॉड’ मासिकात आरंभापासूनच व्यंगचित्रांना स्थान होते. टॉम मेडली ह्यांनी निर्माण केलेला ‘स्ट्रोकर मॅकगर्क’ हा खटपट्या तरुण वाचकांच्या परिचयाचा झाला. १९५९ मध्ये ‘कार्टून्स’ नावाचे केवळ मोटारींच्या व्यंगचित्रांना वाहिलेले मासिक निघाले व ते १९९१ पर्यंत चालले. त्याच्या नावातही ‘कार’ म्हणजे मोटार ह्या शब्दावर श्लेष होता.

एड रॉथ (१९३२–२००१) ह्यांचा मार्ग वेगळा होता. मोटारींच्या प्रदर्शनांत ते हवेच्या दाबावर चालणारी रंगफवारणी घेऊन बसत आणि तरुणांच्या सदऱ्यांवर चित्रे काढून देत. चित्रात गिऱ्हाइकाची स्वतःची मोटार असे आणि ती हाकणारा एक राक्षस असे. ह्या चित्रांची घडण बहुधा ठरलेली असते. मोटार आखूड, मागची चाके प्रचंड, पुढची हवेत उचललेली, इंजिन उघडे व ज्वाळा ओकणारे, मागे धुराचे लोट. टपातून वर आलेला राक्षस एका हाताने गिअरचा दांडा उंच धरून असतो. दांडा त्याच्या उंचीशी स्पर्धा करणारा असतो. डोळे खोबणीतून बाहेर आलेले, त्यांत तांबड्या शिरा, जीभ लोंबणारी.

सर्वांत प्रसिद्धी पावलेले पात्र ‘रॅट फिंक’ हे होय. हिरवट रंगाचा, सुटलेल्या पोटाचा, दात विचकणारा हा उंदीर तांबडा अंगरखा घालतो व त्यावर त्याची आद्याक्षरे असतात. डिस्नेच्या सभ्य, नीटनेटक्या मिकी माउसचा तो प्रतिपक्ष म्हणून ओळखला जातो. ‘फिंक’ म्हणजे चहाडखोर किंवा संपफोड्या. ‘रॅट’ ह्या शब्दालाही अमेरिकन बोलीत तोच अर्थ आहे. समानार्थी शिव्यांची ही जोडी नाव म्हणून धारण करावी, ह्यात ‘हॉट रॉड’ शब्दाच्या इतिहासाचीच पुनरावृत्ती दिसते.

ही चित्रे केवळ विकृतीची हौस म्हणून सोडून देता येत नाहीत. अतिशयोक्ती कशाची केली आहे हे पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ लागतो. मोठी मागची चाके, उघडे इंजिन, आखूड देह ही हॉट रॉडची भेदक लक्षणे आहेत. तीच वाढविली आहेत. आणि सर्वांत अधिक वाढविला आहे तो हात. मोटार घडविणारा आणि हाकणारा माणूस येथे मोटारीहून मोठा आहे. तिच्यात तो मावत नाही. कारखान्याच्या जाहिरातीतील मोटार बहुधा चकचकीत व स्वयंपूर्ण असते. तिला हात लावण्याची कोणास गरज आहे असे वाटत नाही. रॉथ ह्यांच्या चित्रात मोटार ही कर्त्याची कृती म्हणूनच दिसते. सभ्य समाजाने त्या कर्त्यास राक्षस ठरविले होते; चित्रकाराने तो आरोप स्वीकारून त्याला चेहरा दिला.

ह्या चित्रांचा वंश पुढे वाढला. डेट्रॉइटकडील स्टॅन्ली मिलर, ऊर्फ ‘माउस’, हे अशीच सदऱ्यांवरील चित्रे काढीत. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत संगीताच्या जलशांची भित्तिपत्रके काढून ते नावारूपास आले. रॉथ ह्यांच्याकडे कलाविभाग सांभाळणारे रॉबर्ट विल्यम्स ह्यांच्या १९७९ च्या चित्रसंग्रहाच्या नावात ‘लोब्राउ’, म्हणजे हलक्या अभिरुचीचे, हे विशेषण होते. तेच पुढे एका संपूर्ण चित्रसंप्रदायाचे नाव झाले आणि १९९४ मध्ये त्या संप्रदायाचे ‘जक्स्टापोझ’ हे नियतकालिकही निघाले. निंदेचे बिरुद होण्याचा हा तिसरा प्रसंग होय.

६. संच : क्रियेची नोंद

डेट्रॉइट परिसरातील ‘एएमटी’ ही कंपनी आरंभी विक्रेत्यांसाठी नव्या मोटारींच्या छोट्या प्रतिकृती तयार करीत असे. १९५८ मध्ये तिने त्या प्रतिकृती सुट्या भागांच्या स्वरूपात, मूळ मोटारीच्या पंचविसाव्या हिश्शाच्या प्रमाणात, मुलांसाठी बाजारात आणल्या. ह्या संचांना ‘एकात तीन’ म्हणत. एकाच पेटीतील भागांतून कारखान्याच्या रूपाची, सजविलेली किंवा शर्यतीची अशी तीनपैकी कोणतीही मोटार जोडता येई. जे भाग उरत ते मुले निराळ्या खोक्यात जपून ठेवीत व दुसऱ्या मोटारीस लावीत.

भाषेच्या दृष्टीने ‘एकात तीन’ ही कल्पना महत्त्वाची आहे. वक्ता बोलताना शब्दांच्या पर्यायांतून एकाची निवड करतो; संच जोडणारा मुलगाही तसेच करीत होता. त्याच्यापुढे तयार वाक्य नव्हते, पर्याय होते. संचासोबतचा सूचनापत्रकाचा कागदही पाहण्यासारखा असतो. त्यातील पायऱ्यांना क्रमांक असतात आणि वाक्ये आज्ञार्थी असतात : अमुक भाग तमुक भागास चिकटवा, सुकू द्या, मग पुढचा जोडा. ही क्रियापदांचीच लेखी परंपरा होय.

कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथील ‘रेव्हेल’ कंपनीने रॉथ ह्यांच्याशी करार केला. रॉथ ह्यांनी ‘आउटलॉ’ (१९५९), ‘बीटनिक बँडिट’ (१९६१) आणि ‘मिस्टेरिऑन’ (१९६३) ह्या मोटारी घडविल्या होत्या. पत्रा ठोकण्याऐवजी प्लास्टरच्या ठोकळ्यास आकार देऊन त्यावरून काचतंतू व राळ ह्यांचा देह काढावयाचा, ही त्यांची पद्धत. ‘बीटनिक बँडिट’ला टपाऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट होता आणि सुकाणूचे चक्र नव्हते; वळविणे, वेग वाढविणे व थांबविणे ही तिन्ही कामे एकाच दांड्याने होत. ‘मिस्टेरिऑन’ला शेजारी शेजारी दोन इंजिने आणि समोर एकच दिवा, तोही एका बाजूस. रेव्हेलने ह्या मोटारींचे व १९६३ पासून रॅट फिंक आदी राक्षसांचेही संच काढले. प्रत्येक संचामागे रॉथ ह्यांना एक सेंट मिळे, असे सांगितले जाते. ‘बिग डॅडी’ हे त्यांचे उपनाव ह्याच व्यापाराच्या प्रचारातून रूढ झाले.

परंतु संचात टिकलेली क्रिया ही मूळ क्रिया नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. कार्यशाळेतील मुख्य क्रिया कापण्याची होती. संचातील मुख्य क्रिया चिकटविण्याची आहे. उतरविलेले टप पेटीत तयारच येते. खांब झुकलेले असल्यास टप का पुरत नाही, हा प्रश्न त्या मुलास पडत नाही, कारण त्याचे उत्तर साचा करणाऱ्याने आधीच दिलेले असते. तरीही प्लॅस्टिक हा कापण्याजोगा पदार्थ आहे. ज्या मुलांनी बारीक करवत घेऊन स्वतः खांब कापले, शिशाच्या जागी लांबी भरली आणि काचकागदाने सांधा घासला, त्यांना तो प्रश्न लहान प्रमाणात का होईना पडलाच. संचाने क्रिया जशीच्या तशी दिली नाही. ती करून पाहण्याची मुभा दिली.

७. ओतीव मोटार : कर्माची नोंद

१९६८ मध्ये ‘मॅटेल’ ह्या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने ‘हॉट व्हील्स’ ही मालिका काढली. जस्ताच्या मिश्रधातूच्या, साधारणतः चौसष्टाव्या हिश्शाच्या ह्या मोटारी बारीक तारेच्या आसांवर व कमी घर्षणाच्या चाकांवर फिरत, म्हणून त्या तत्पूर्वीच्या छोट्या मोटारींहून पुष्कळ वेगवान होत्या. त्यांचे आरंभीचे बहुतेक आराखडे हॅरी बेंटली ब्रॅडली ह्यांचे. ब्रॅडली जनरल मोटर्समधून आले होते व कस्टम मोटारींच्या जगाशी त्यांचा निकटचा परिचय होता. घासून चकाकविलेल्या धातूवर पारदर्शक रंग देण्याची ह्या मोटारींची पद्धत म्हणजे कार्यशाळेतील ‘कँडी’ रंगाचीच कारखानी आवृत्ती.

पहिल्या वर्षीच्या १६ मोटारींत ‘बीटनिक बँडिट’ होती, टी-बकेटच्या वळणाची ‘हॉट हीप’ होती. आणि १० मोटारींच्या नावांचा आरंभ ‘कस्टम’ ह्या शब्दाने होत होता. हा शब्द येथे काय सांगतो ते पाहावे. कार्यशाळेत ‘कस्टम’ म्हणजे एका माणसाच्या सांगण्यावरून दुसऱ्याने बदललेली मोटार. त्या विशेषणाच्या पोटात एक कर्ता व एक घडून गेलेली क्रिया गृहीत आहे. ओतीव मोटार मात्र जन्मतःच ‘कस्टम’ असते. तिच्या लाखो प्रती एकाच साच्यातून निघतात. कोणी काही बदललेले नसते व बदलण्यास वावही नसतो. विशेषण उरले, त्याचा धातू गेला. तिच्यात बहुधा चालकही नसतो. रॉथ ह्यांच्या चित्रांतील तो प्रचंड हात येथे खेळणाऱ्या मुलाच्या हातापुरता उरला आहे.

प्रतिकृती व मूळ ह्यांचा क्रमही पुढे उलटा झाला. शिकागोकडील ‘मोनोग्रॅम’ कंपनीने १९६८ मध्ये टॉम डॅनियल ह्यांच्या आराखड्यावरून ‘रेड बॅरन’ हा संच काढला. पहिल्या महायुद्धातील जर्मन शिरस्त्राण टपाच्या जागी ठेवलेली ती टी-बकेट होती. अशी मोटार अस्तित्वात नव्हती. संच लोकप्रिय झाल्यावर प्रदर्शनांसाठी ती पूर्ण आकारात तयार करण्यात आली. हॉट व्हील्सच्या १९६९ च्या ‘ट्विन मिल’ ह्या दोन इंजिनांच्या कल्पित मोटारीसही २००१ मध्ये पूर्ण देह मिळाला. बोलीतून ग्रंथभाषा व्हावी आणि नंतर लोकांनी ग्रंथ पाहून बोलावे, असाच हा प्रकार आहे.

८. संग्रह आणि ज्ञान

जुने संच आणि १९६८ ते १९७७ ह्या काळातील तांबड्या कडेच्या चाकांच्या हॉट व्हील्स मोटारी आज संग्राहकांना मौल्यवान वाटतात. त्यांच्या बाजाराचा एक नियम विचारात टाकणारा आहे. न उघडलेल्या पेटीतील, न जोडलेल्या संचास जोडलेल्या संचापेक्षा अधिक किंमत येते. म्हणजे ज्या वस्तूचे सारे प्रयोजन करण्यात आहे, ती न केल्यामुळे मूल्यवान ठरते. क्रियेची जी एकमेव लोकप्रिय नोंद होती, तिचेही अशा रीतीने कर्मात रूपांतर होते.

मूळ मोटारींचे भवितव्य निरनिराळे झाले. ‘बीटनिक बँडिट’ नेवाडा राज्यातील रीनो येथील मोटारींच्या संग्रहालयात आहे. हिरोहाटा ह्यांच्या मर्क्युरीचा समावेश २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत झाला. रॉथ ह्यांची १९६४ ची ‘ऑर्बिट्रॉन’ बेपत्ता होती. ती २००७ मध्ये मेक्सिकोतील हुआरेस शहरात दुर्दशेत सापडली व नंतर पूर्ववत करण्यात आली. ‘मिस्टेरिऑन’ मात्र नष्ट झाली. नंतरच्या काळात तिच्या पूर्णाकृती नकला तयार झाल्या. नष्ट मोटार पुन्हा उभी करू पाहणाऱ्यास छायाचित्रातून रूप कळते, संचातून कोणता भाग कोठे बसतो हे कळते. पण काचतंतूचा थर किती द्यावा, दोन इंजिनांच्या भाराखाली चासी कोठे चिरेल, हे दोन्ही सांगत नाहीत. ते कळण्यासाठी ती क्रिया पुन्हा करावी लागते आणि पुन्हा चुकावे लागते.

कारागिरीच्या परिभाषेचा अभ्यास करणारांस ह्यातून एक सूचना मिळते. व्यवसायांचे शब्द गोळा करताना वस्तूंची व हत्यारांची नावे प्रथम हाती लागतात, कारण वस्तू दाखविता येते. तांबटाच्या आळीत गेलेला अभ्यासक घंगाळ, हंडा, हातोडी हे शब्द सहज टिपून आणतो. ‘मठारणे’ हा धातू मात्र ठोका कसा, कोठे व किती वेळा पडतो हे पाहिल्यावाचून त्यास उमगत नाही. नामांचा कोश पेटीत बंद ठेवता येतो. क्रियापदाचा अर्थ ती क्रिया जाणणारा माणूस आहे तोवरच पूर्णपणे विचारता येतो. कॅलिफोर्नियातील ज्या पिढीने पहिली टपे उतरविली तिच्यातील बहुतेक कारागीर आता हयात नाहीत. त्यांचे उंदीर सदऱ्यांवर आहेत, त्यांच्या मोटारी काचेच्या पेट्यांत आहेत आणि त्यांचे शब्दही प्रचारात आहेत. त्या शब्दांपैकी किती अजून धातू आहेत आणि किती केवळ विशेषणे उरली आहेत, हे मात्र कोणीतरी पुन्हा करवत हाती घेतो तेव्हाच ठरते.